बोरीकाठचे अमळनेर आणि भोवतालचा खानदेश

सुरतेहून भुसावळकडे जाणारी गाडी बारडोली, व्यारा ही गावे मागे टाकून नवापूरला थांबते तेव्हा प्रवाशाला एक गंमत पाहावयास मिळते. या स्थानकाचा काही भाग गुजरातेत आणि काही भाग महाराष्ट्रात आहे. फलाटावर चार पावले चालले की राज्य बदलते. पुढे नंदुरबारला मिरचीचा वास डब्यात शिरतो, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा ही स्थानके जातात आणि खिडकीबाहेरची हिरवळ विरळ होत होत जमीन काळी, सपाट, दूरवर पसरलेली दिसू लागते. ही तापीच्या खोऱ्याची जमीन. एका बाजूस फार दूरवर सातपुड्याची निळसर रेघ असते. ती दिवसभर सोबत राहते. मात्र जवळ आल्यासारखी कधी वाटत नाही. या मार्गावर जळगाव जिल्ह्यात शिरल्यावर जे पहिले मोठे गाव लागते ते अमळनेर.

थंड हवेची ठिकाणे, समुद्रकिनारे आणि प्रसिद्ध तीर्थे यांच्या यादीत अमळनेरचे नाव सहसा येत नाही. जळगाव साठ किलोमीटरच्या आत, धुळे पस्तीसेक किलोमीटरवर. त्यामुळे बहुतेक लोक येथून पुढे जातात, उतरत नाहीत. ज्याच्या हाती दोन दिवस आहेत आणि ज्याला गाव वाचण्याची आवड आहे त्याने मात्र येथे अवश्य उतरावे. एका तालुक्याच्या गावात संताची समाधी, कापडगिरणी, तत्त्वज्ञानाची संस्था, साने गुरुजींची शाळा आणि जगभर व्यवसाय करणाऱ्या एका कंपनीचे जन्मस्थान इतक्या गोष्टी हाकेच्या अंतरावर असाव्यात, असे महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच आढळेल.

गावाची रचना समजून घ्यावयाची तर आधी बोरी नदीवर जावे. बोरी ही तापीची उपनदी. वर्षाचे बरेच महिने तिच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच अधिक दिसते. तिच्या काठी जुन्या भुईकोट किल्ल्याचा दरवाजा आणि तटाचे काही अवशेष उभे आहेत. १८१८ साली पेशवाई संपली तरी खानदेशातील अरब शिबंदीने हत्यारे लगेच खाली ठेवली नाहीत. अमळनेरच्या किल्ल्यातील शिबंदीही त्यांतलीच, आणि इंग्रजांना येथे फौज आणावी लागली. आज किल्ल्याच्या आत घरे आहेत, दोऱ्यांवर कपडे वाळत असतात. इतिहास दाखविणारा फलक शोधूनही सापडत नाही याचे पाहुण्याला वाईट वाटते. तेथे राहणाऱ्यांना त्याचे फारसे काही वाटत नाही.

नदीच्या पात्रातच संत सखाराम महाराजांची समाधी आहे. वारकरी परंपरेतील या संतांच्या गादीची परंपरा आजही चालू आहे, आणि येथून पायी दिंडी पंढरपूरला जाते. वैशाखात भरणारी यात्रा हा अमळनेरचा खरा वार्षिक ताळेबंद म्हणावा लागेल. अक्षय्य तृतीयेला तिचा आरंभ होतो, मोहिनी एकादशीला रथ निघतो आणि पौर्णिमेला पालखी. रथ गावातून रात्रभर फिरतो. बाहेरगावी नोकरीस गेलेली माणसे दिवाळीला आली नाहीत तरी चालते, रथाला मात्र यावेच लागते. दुकाने, पाळणे, खेळण्यांच्या पाली हे सारे नदीच्या कोरड्या वाळूत मांडले जाते. नदी कोरडी आहे म्हणून यात्रेला जागा मिळते. या गावाने आपल्या उणिवेचा असा उपयोग करून घेतला आहे. वैशाखातील खानदेशचे ऊन मात्र सर्वांना सोसेल असे नसते. वृद्धांनी सकाळी व सायंकाळीच बाहेर पडावे.

गावाचे आजचे रूप ज्यांनी घडविले ते श्रीमंत प्रताप शेठ. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी येथे कापडगिरणी उभी केली. भोवताली कपाशी पिकत होती, तापी खोऱ्यातून नवा लोहमार्ग नुकताच आला होता, कापूस गाठी बांधून मुंबईला वा सुरतेला पाठविण्यापेक्षा त्याचे कापड येथेच का विणू नये, हा त्यामागील सरळ हिशेब. गिरणीचा भोंगा गावाचे घड्याळ झाला. कामगारांच्या वस्त्या वाढल्या, बाजार वाढला आणि तालुक्याचे गाव औद्योगिक गाव झाले.

गिरणी काढणारे शेठ त्या काळी आणखीही होते. गिरणीच्या नफ्यातून १९१६ मध्ये तत्त्वज्ञानाची संस्था काढणारे मात्र विरळाच. प्रताप तत्त्वज्ञान मंदिर हे तिचे नाव. अद्वैत वेदान्ताचा आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा तुलनात्मक अभ्यास व्हावा, त्यासाठी निवडक अभ्यासकांना निवास व विद्यावेतन देऊन निश्चिंत ठेवावे, अशी ती योजना होती. घनश्यामदास रतनमल मलकानी यांनी दीर्घकाळ ही संस्था सांभाळली. १९२५ पासून ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे इंग्रजी त्रैमासिक येथून निघू लागले. कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य, ज्यांची गणना आधुनिक भारतातील अत्यंत मूलगामी तत्त्वचिंतकांत होते, ते १९३३ ते १९३५ या काळात येथे संचालक होते. रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती यांच्यासारखे विद्वान येथे राहून गेले. ज्या गावात तेव्हा विजेचे दिवेही सर्वत्र नसतील त्या गावात कांट आणि शंकराचार्य यांच्यावर रात्री उशिरापर्यंत वाद चालत असतील, याची कल्पना करून पाहावी. पलीकडे गिरणीची रात्रपाळी, अलीकडे माया आणि ब्रह्म यांची चर्चा, आणि दोन्हींचा खर्च एकाच वहीत.

व्यवहारी माणसाच्या मनात येथे एक प्रश्न उभा राहतो. अशा संस्थेचा गावाला लाभ काय? गिरणी कामगारांच्या मुलांना कांट वाचावयाचा नव्हता. पण प्रताप शेठांनी एकाच ठिकाणी पैसा ओतला असे झाले नाही. त्यांच्या साहाय्याने शाळा उभी राहिली, आणि १९४५ मध्ये प्रताप महाविद्यालय सुरू झाले. खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांच्या मुलांना पदवीसाठी पुण्या-मुंबईस जाणे शक्य नव्हते त्या काळात हे महाविद्यालय त्यांच्या दारी आले. खानदेशातील कित्येक शिक्षक, वकील, शासकीय अधिकारी आणि बँकांमधील कर्मचारी यांच्या घरात पहिली पदवी येथूनच गेली आहे. तत्त्वज्ञान मंदिराचेही कार्य पुढे वेगळ्या रूपाने चालू राहिले. १९७३ पासून पुणे विद्यापीठाचा तत्त्वज्ञान विभाग आणि ही संस्था यांच्या सहकार्याने ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ निघू लागले. आज आवारात वर्दळ नसते. झाडांखाली शांतता असते, आणि ती शांतता साधनेची की विस्मृतीची हे ठरविणे पाहुण्याला सोपे जात नाही.

याच मंदिरात तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी कोकणातील पालगडचा एक लाजाळू तरुण आला आणि १९२४ मध्ये प्रताप हायस्कुलात शिक्षक झाला. पांडुरंग सदाशिव साने यांना ‘साने गुरुजी’ केले ते अमळनेरने. ते शिक्षक होते, त्याहून अधिक छात्रालयाचे पालक होते. मुले शाळेत गेली की त्यांच्या खोल्या झाडाव्यात, अस्ताव्यस्त अंथरुणे घडी करून ठेवावीत, कोणी आजारी पडले तर उशाशी बसावे. मुलांना रागावण्याऐवजी लाजविण्याची ही त्यांची रीत होती. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक लिहीत, पुढे ‘विद्यार्थी’ मासिक काढले. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहासाठी त्यांनी नोकरी सोडली. अवघी सहा वर्षांची ती नोकरी. निवृत्तिवेतनाचा तर प्रश्नच नव्हता. पण गावाने त्यांना सोडले नाही. १९३८ मध्ये ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक त्यांनी अमळनेरहूनच सुरू केले. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली असली, तरी त्यातील ऐकणारी मुले आणि सांगणारा श्याम यांची घडण छात्रालयाच्या ओसरीवर झाली असे म्हणण्यास हरकत नाही. शाळा आजही भरते. सुटीच्या दिवशी बंद फाटकाबाहेरून पाहण्यापेक्षा शाळा चालू असताना, रीतसर परवानगी घेऊन जावे. मुलांच्या गलबल्यावाचून त्या इमारतीला अर्थ नाही.

अमळनेरविषयी बाहेर सर्वाधिक बोलले जाते ते या दोहोंविषयी नव्हे, तर समभागांविषयी. २९ डिसेंबर १९४५ रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाची कंपनी नोंदविली गेली. महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी अमळनेरला वनस्पती तूप आणि कपडे धुण्याचा साबण यांचा कारखाना काढला. भोवताली शेंगदाणा व तेलबिया मिळत होत्या, रेल्वे होती, गिरणीमुळे कामगार होते. १९४६ मध्ये कंपनीने लोकांकडून भांडवल उभारले आणि गावातील व्यापारी, शेतकरी, नोकरदार यांनी शंभर रुपयांचे समभाग घेतले. १९६६ मध्ये वडिलांच्या निधनानंतर एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतील शिक्षण सोडून परतले. पुढे नावातील आद्याक्षरांतून ‘विप्रो’ झाले, तुपाच्या डब्याशेजारी संगणक आले, आणि नंतर संगणकांनी सारेच व्यापून टाकले.

येथे थोडे गणित केल्यावाचून पुढे जाणे योग्य नव्हे. जुने बक्षीस समभाग बाजूला ठेवू आणि फक्त १९९७ पासून मोजू. त्या वर्षी एकास दोन बक्षीस मिळाले, म्हणजे एकाचे तीन झाले. १९९९ मध्ये दहा रुपयांच्या समभागाचे दोन रुपयांचे पाच तुकडे झाले, तीनाचे पंधरा. २००४ मध्ये पुन्हा एकास दोन, पंचेचाळीस. २००५ मध्ये एकास एक, नव्वद. २०१० मध्ये तीनास दोन, दीडशे. २०१७ मध्ये एकास एक, तीनशे. २०१९ मध्ये तिनास एक, चारशे. २०२४ च्या अखेरीस एकास एक, आठशे. १९९७ च्या आरंभी ज्याच्या पेटीत एक कागद होता आणि ज्याने तो हलविला नाही, त्याच्याकडे आज आठशे समभाग आहेत. आणि अमळनेरात असे कागद घराघरांत होते. साधा सदरा घातलेला, सायकलवरून मंडईत जाणारा गृहस्थ कोट्यधीश असण्याची शक्यता येथे इतर गावांपेक्षा खरोखरच अधिक आहे.

तथापि ही कथा सांगताना दोन गोष्टी गाळल्या जातात. एक, ज्यांनी मुलीच्या लग्नासाठी, विहिरीसाठी वा दवाखान्यासाठी समभाग मध्येच विकले त्यांची संख्या लहान नसणार. त्यांच्या कथा कोणी छापत नाही. अडचण दाराशी उभी असताना कागद पेटीत ठेवणे ही चैन सर्वांना परवडत नाही, हे कर्जाच्या अर्जांवर वर्षानुवर्षे नजर फिरविलेल्या कोणासही ठाऊक असते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. लाभांश बँकेत जमा होतो, त्यासाठी कोणाला गावात कामावर ठेवावे लागत नाही. गिरणीचे तसे नव्हते. गिरणी बंद पडली तेव्हा भोंगा थांबला आणि त्याबरोबर शेकडो घरांचा पगार, वाण्याकडची उधारी, चहाच्या टपऱ्या, शिंप्यांची दुकाने हे सारे आकसले. तेला-साबणाचा मूळ कारखाना आजही येथे आहे ही समाधानाची गोष्ट. पण जे संगणकाचे शिक्षण घेतात ती मुले पुण्याला वा बंगळुरूला जातात. गावात पैसा आहे, काम पुरेसे नाही, असा हा विचित्र ताळेबंद आहे.

भोजनाविषयी थोडेसे. खानदेशी शेवभाजी, वरण-बट्टी, कळण्याची भाकरी आणि खापरावर भाजलेले मोठे मांडे हे येथील खास पदार्थ. खाणावळीतील शेवभाजीत कांदा-लसूण सढळ असतो आणि भरताचे वांगे तर सर्वत्रच. आपले नियम पाळणाऱ्यांनी आधी सांगून ठेवल्यास वेगळे करून देण्यास कोणी नाही म्हणत नाही, आणि सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या पाहुण्याकडे येथे कोणी आश्चर्याने पाहत नाही. बाजारात कान उघडे ठेवावेत. अहिराणी ऐकू येते. ‘चा, ची, चे’ यांच्या जागी गुजरातीच्या धाटणीने ‘ना, नी, नं’ येतात; ‘आला’ तेथे ‘उना’, ‘गेला’ तेथे ‘गया’. १९५२ मध्ये भाषाशास्त्रज्ञ कृ. पां. कुलकर्णी यांच्या अध्यक्षतेखाली आणि पुन्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये रवींद्र शोभणे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन या गावी भरले. बहात्तर वर्षांच्या या अंतरात बाजाराची भाषा मात्र अहिराणीच राहिली.

दुसरा दिवस भोवतालच्या मुलखासाठी ठेवावा. दक्षिणेस वीसेक किलोमीटरवर पारोळा आहे. झाशीच्या नेवाळकर घराण्याशी संबंध असलेला तेथील भुईकोट किल्ला अमळनेरपेक्षा पुष्कळ बरा टिकला आहे. तेथून एरंडोल आणि पुढे पद्मालय. कमळांच्या तळ्याकाठी असलेल्या या देवळात एक उजव्या व एक डाव्या सोंडेचा असे दोन गणपती शेजारी शेजारी आहेत. पावसाळ्यानंतर तळे भरलेले असते तेव्हा जावे. धुळ्याला जाणाऱ्यांनी तेथील तुरुंगाची वास्तू आठवणीने बाहेरून तरी पाहावी. १९३२ मध्ये फेब्रुवारी ते जून या महिन्यांत विनोबांनी तेथे दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि ती उतरून घेणारे होते अमळनेरचेच साने गुरुजी. राजवाडे संशोधन मंडळातील जुनी कागदपत्रे हे इतिहासप्रेमींसाठी दुसरे कारण. साक्री तालुक्यातील बळसाणे येथे प्राचीन मंदिरांचा समूह आणि विमलनाथ भगवंतांचे तीर्थ आहे. आपल्या वाचकांपैकी अनेकांनी ते पाहिले असेल, परंतु त्या यात्रेला अमळनेर जोडता येते हे सहसा लक्षात येत नाही.

खरा अनुभव उत्तरेचा. चोपड्याच्या रस्त्यावर गाव संपता संपता मंगळ ग्रहाचे मंदिर लागते. मंगळवारी तेथे गर्दी असते. पुढे कपाशीची शेते. रस्ता तापीकडे उतरू लागला की जमीन अचानक फाटते. गाळाच्या मऊ मातीत पावसाने कोरलेल्या उंच घळी दोन्ही अंगांना दिसतात, त्यांत बाभळी आणि शेळ्या. मग पूल, आणि खाली तापी. पलीकडे चोपडा तालुका. केळीच्या बागा, नंतर अडावदजवळ उनपदेवचे गरम पाण्याचे झरे, आणि त्यानंतर सातपुड्याची पायथ्याची गावे. येथे पावरा आदिवासींची वस्ती आहे. होळीपूर्वीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतो तेव्हा डोंगरातून ढोल घेऊन माणसे उतरतात. पाहावयास जाणाऱ्याने छायाचित्रे विचारून घ्यावीत. तो त्यांचा सण आहे, आपल्यासाठी मांडलेला देखावा नव्हे.

परतताना मात्र वाकडी वाट करून पाडळसे येथे थांबावे. तापीवरील निम्न तापी प्रकल्पाचे धरण येथे दोन दशकांहून अधिक काळ उभे राहत आहे. काँक्रीटचे प्रचंड खांब नदीत आहेत आणि त्यांच्यामधून पाणी पुढे जाते. अमळनेर तालुका पावसाच्या लहरीवर कपाशी पेरतो, बोरी उन्हाळ्यात वाळूची नदी असते आणि वीसेक किलोमीटरवरून तापीचा पूर दरवर्षी वाहून जातो. तो अडतो खाली गुजरातेतील उकाई धरणात, जे १९७२ मध्ये पूर्ण झाले. वर्षानुवर्षे निधीच्या तरतुदी झाल्या, मान्यता सुधारल्या गेल्या, खर्चाचे आकडे वाढत गेले. कोणत्याही कर्जखात्यात काम जितके लांबते तितके व्याज वाढते. येथे ते व्याज कोरडवाहू शेतकरी भरीत आला आहे. ज्याने १९९७ मध्ये एक कागद जपला त्याचे आठशे झाले. त्याच सुमारास ज्याने धरणाच्या भरवशावर विहीर खोल केली नाही, त्याच्या मुलाचा पत्ता आज सुरतेचा आहे.

आश्विन ते माघ हा काळ या प्रवासासाठी उत्तम. ऑक्टोबरअखेर कपाशी फुटू लागते आणि चोपड्याच्या रस्त्याने दोन्ही बाजूंची शेते पांढरी दिसतात. वेचणीसाठी पहाटे निघालेल्या बायका टेम्पोत उभ्या असतात. सकाळी आठच्या आत पाडळशाला पोहोचल्यास धुके उठण्याआधी नदी पाहावयास मिळते, आणि दुपारच्या गाडीला अमळनेर स्थानकावर सावकाश येता येते.